हलकं काम

पहिला अर्ज मी पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी पाठवला. वेळ इतकी नेमकी आठवते, कारण त्या दिवसांत मी सगळ्याच गोष्टींच्या वेळा वहीत टिपून ठेवत होते. दूध कधी, शू कधी, शी कधी आणि कोणत्या रंगाची. डावा हात कन्येच्या मानेखाली अडकलेला, उजव्याचा अंगठा तेवढा मोकळा. सांगलीला माहेरच्या मधल्या खोलीत, मच्छरदाणीच्या आत, फोनचा उजेड तिच्या डोळ्यांवर जाऊ नये म्हणून ओढणीचा आडोसा करून मी त्या एका अंगठ्यानं 'अनुभव ९ वर्षे' असं टाइप केलं. पुढे 'सध्याची स्थिती' असा रकाना आला. पर्याय दोनच, 'नोकरीत आहे' आणि 'नोकरीत नाही'. त्या दोन गोलांकडे मी बराच वेळ बघत बसले. तेवढ्यात कन्येनं मोठा ढेकर दिला. तो कौल समजून मी 'नोकरीत आहे' दाबलं.

सकाळी वही उघडून बघते तर ३.१० च्या पुढे माझ्याच अक्षरात लिहिलेलं: 'अर्ज. पिवळा.'

बाळंतपणाच्या रजेला आपल्याकडे सर्रास सुट्टी म्हणतात. "काय, सुट्टी कशी चाललीय?" असं विचारणारे फोन रोज यायचे आणि बरोबर कन्या झोपली की यायचे. सव्वीस आठवडे म्हणजे १८२ दिवस. २०१७ पर्यंत बारा आठवडेच होते, मग कायदा बदलला आणि पहिल्या दोन बाळांसाठी ते सव्वीस झाले. माझ्या थोरल्या बहिणीला बारा मिळाले होते, त्यामुळे ती माझ्या रजेकडे नव्या सुनेला मिळालेल्या एसीच्या खोलीकडे बघावं तशी बघते. एवढी भरपगारी 'सुट्टी' मिळालेल्या बाईनं त्या सुट्टीतच दुसरी नोकरी शोधावी, हे ऐकून ज्याच्या त्याच्या कपाळावर आठी उमटायची. खोटं कशाला बोलू, माझ्याही कपाळावर होती. पण माझी आठी झोपेच्या अभावाची आहे की सदसद्विवेकाची, हे ओळखायचं त्राण माझ्यात नव्हतं.

या नोकरी शोधण्याचं मूळ एका शब्दात होतं. मी पुण्यात बँकांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचं काम करायचे. कोणत्या व्यवहारात पैसे एका खात्यातून निघाले पण दुसऱ्यात पोचलेच नाहीत, ते पोचेपर्यंत मधे कुठे लटकले होते, असले शोध. रजेवर जाण्याआधी माझ्या कामाची एकेचाळीस पानी टिपणं काढून मी ती एका हुशार मुलाच्या हवाली केली. निरोपाच्या दिवशी केक कापला, आणि माझा साहेब अगदी मनापासून, प्रेमानं म्हणाला, "तू कशाचीही काळजी करू नकोस. परत आलीस की तुझ्यासाठी काहीतरी हलकं काम बघू."

माणूस वाईट असता तर मी भांडले असते. चांगल्या माणसाशी भांडता येत नाही, म्हणून मी त्याच्या हातचा केक खाल्ला.

मग बाळंतपण झालं आणि तो शब्द माझ्या मागेच लागला. हलका आहार. हलक्या हातानं मालिश. हलकं काहीतरी वाच, डोळ्यांना ताण नको. मऊ भातावर मेतकूट, शेपूची भाजी, दुपारी अळिवाची खीर. घरातले सगळे मला हलकंफुलकं ठेवण्याच्या कामाला लागले होते आणि मी मात्र साडेचार किलोचं एक ओझं चोवीस तास वाहत होते. वरून डिंकाचे लाडू. डिंकाच्या लाडवात हलकं काय असतं ते मला आजवर कळलेलं नाही. एका रात्री कन्या खांद्यावर झोपली होती आणि मला अचानक कळलं की मला राग केकचा नाही, साहेबाचा नाही, त्या 'हलकं'चा आलाय. मला माझं जड काम हवं होतं. ते माझ्या खुर्चीवर मिळणार नसेल तर दुसऱ्या खुर्चीवर. तिथून पहाटे ३.१०.

बाबांना सांगितलं तेव्हा ते पेपरची घडी घालत होते. ती त्यांनी पुन्हा उलगडली आणि पुन्हा घातली. बाबांनी चौतीस वर्षं एका साखर कारखान्यात शेतकी ऑफिसात काढली. त्यांच्याकडे हंगामी कामगारांना ऑफ सीझनला घरी बसून थोडा पगार मिळायचा. त्याला सगळे 'रिटेन्शन' म्हणत. पुढच्या गळीत हंगामाला माणसानं आपल्याच कारखान्याच्या फाटकात उभं राहावं, म्हणून ती सोय. बाबांच्या हिशेबी माझी रजा म्हणजे तेच रिटेन्शन. "ऑफ सीझनचा पगार एकाचा घ्यायचा आणि मोळी टाकायला दुसऱ्याकडे जायचं, हे बरं दिसत नाही," एवढंच ते म्हणाले. बाबा ओरडत नाहीत. 'बरं दिसत नाही' हे त्यांचं शेवटचं हत्यार असतं.

मी कोल्हापूरच्या मावसबहिणीला फोन लावला. ती वकील आहे आणि नात्यात फी घेत नसल्यानं सल्ला तोडून टाकल्यासारखा देते. ती म्हणाली, "१९६१ च्या कायद्यात परत आलंच पाहिजे अशी अट कुठंही नाही. तो लाभ तुझ्या बाळंतपणाचा आहे, तुझ्या निष्ठेचा नाही. रजेत तुला कामावरून काढता येत नाही. अर्ज कर, मुलाखती दे, कुणी अडवत नाही. फक्त रजा चालू असताना दुसरीकडं प्रत्यक्ष कामाला लागू नकोस. लागलीस तर तेवढ्या काळाचा लाभ बुडाला. आणि हो, दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर नव्या ठिकाणी आधी ऐंशी दिवस भरले पाहिजेत, तरच तिथली रजा." दुसऱ्या बाळाचा उल्लेख होताच मी फोन ठेवला. त्या महिन्यात मी तो विषय काढणाऱ्या प्रत्येकाचा फोन ठेवत होते. त्यात नवराही होता.

ही सगळी चर्चा आज्जी ऐकत होती. आज्जी ब्याऐंशीची आहे. तिला ऐकू कमी येतं असं आम्ही सगळे धरून चालतो, आणि ती ते खोडून काढत नाही. ती भिंतीला टेकून लसूण सोलत होती. बाबांकडे न बघताच ती म्हणाली, "तुझ्या येळंला मी हळदीच्या वखारीत निवडाय जात हुते. नववा सरला तरी जात हुते. तू झालास आन पंधराव्या दिशी परत गेले, तर मुकादमानं माझी जागा दुसरीला दिल्याली."

"मग?" बाबांनी विचारलं. बासष्ट वर्षांच्या माणसाला आपल्या जन्माच्या वेळची ही हकिकत पहिल्यांदाच कळत होती.

"मग काय, शेजारच्या वखारीत गेले. तितं चार आणं जास्त मिळालं."

बाबांनी पेपर तिसऱ्यांदा उलगडला. तेवढा वेळ त्यांना पुरणार नव्हता, म्हणून त्यांनी शब्दकोडं काढलं. मी मनात हिशेब केला. ज्या सुमाराला दिल्लीत तो कायदा झाला, त्याच सुमाराला आमची आज्जी पिवळ्याधमक हातांनी, पंधरा दिवसांचं पोर शेजारणीच्या ओट्यावर ठेवून, वखारीत बसली होती. वखारीपर्यंत कायदा पोचायचाच होता. अजून तरी कुठे पोचलाय? भरपगारी सव्वीस आठवडे माझ्यासारख्या महिन्याच्या पगाराच्या पावतीवाल्यांना. निवडायला, खुरपायला, भांड्याला जाणाऱ्या बायकांचं ऑफ सीझनचं रिटेन्शन म्हणजे शेजारणीचा ओटा.

तिसऱ्या अर्जाला उत्तर आलं. फोन आला तेव्हा मी पाळण्याजवळ होते, वेळ लिहून घ्यायला कागद सापडेना. पाळण्यातल्या गादीखाली एक घडी केलेला कोरा कागद हाताला लागला, त्यावर मी घाईघाईनं खरडलं. फोन ठेवून वळते तर आज्जी दारात, तोंडाला पदर लावून.

तो पाचवीचा कागद होता. पाचवीच्या रात्री पाटा-वरवंट्याची पूजा करून शेजारी कोरा कागद आणि पेन ठेवलं होतं. रात्री सटवाई येते आणि बाळाचं नशीब लिहून जाते. ते आपल्याला दिसत नाही, म्हणून कागद सकाळी कोराच असतो. आज्जीनं तो जपून पाळण्यात ठेवला होता. आता माझ्या कन्येच्या नशिबावर ठळक निळ्या शाईत लिहिलं होतं: 'गुरुवार ११.३०. दोघे जण. लिंक येईल. अपेक्षित पगार विचारतील, आधी बोलायचं नाही.'

"बयो, लेकराच्या नशिबावर लिव्हलंस?" आज्जीचा आवाज कापरा झाला. मलाही एकदम रडू आलं. त्या महिन्यात मला जाहिराती बघूनही रडू यायचं, हे खरं, पण हे जरा जास्त होतं. मग आज्जीनंच तोड काढली. म्हणाली, "खाली लिव्ह, आईचं हाय म्हणून. सटवाईला कळतंय." मी लिहिलं, 'वरील मजकूर आईचा'. बँकेच्या फॉर्मवर करतात तशी शेजारी सहीसुद्धा केली. तसं बघितलं तर 'आधी बोलायचं नाही' हे कन्येच्या नशिबात राहिलं असतं तरी काही बिघडलं नसतं.

गुरुवारी साडेअकरा ही आमच्या घरातली सर्वांत वाईट वेळ. मालिशवाल्या मावशी अकराला येत. पाण्याचा बंब पेटलेला, कन्या तेलात निथळणारी, आणि नंतर ओव्याची धुरी. बालरोगतज्ज्ञांनी धुरीला सक्त मनाई केली होती. त्यावर तडजोड म्हणून आज्जीनं ती कन्येला न देता 'नावाला' खोलीला द्यायला सुरुवात केली होती. मे महिना, बाहेर चाळीस डिग्री, आत शेगडी. घरात फोनची रेंज नीट येते अशी जागा एकच, कोठीची खोली. तिथे डब्यांच्या उतरंडीपुढे, लोणच्याच्या बरण्यांच्या बाजूला, तांदळाच्या पोत्यावर पाट टाकून मी बसले. शर्टाची बटणं लागत नव्हती, म्हणून झिपवाला कुर्ता आणि वर कडक इस्त्रीची ओढणी. लॅपटॉपवर मी पाठीमागे पुस्तकांच्या कपाटाचं खोटं चित्र लावलं होतं. लोणच्याच्या बरण्या नाहीशा झाल्या आणि मी एकदम विद्वान दिसायला लागले.

दोघे जण आले. पहिली दहा मिनिटं फार छान गेली. त्यांनी एक फसलेला व्यवहार समोर ठेवला. ग्राहकाचे पैसे कापले गेलेत, दुकानदाराला मिळालेले नाहीत, परत करायला गेलं तर दोनदा परत होतात. चूक कुठे? काय सांगू, इतके दिवस पिवळी-हिरवी लिहून लिहून बोथटलेलं डोकं बंब पेटावा तसं पेटलं. मी बोलत होते, ते लिहून घेत होते. माझ्या नावानं कुणीतरी मला हाक मारत होतं. दोन महिन्यांत मी फक्त 'बाळाची आई' होते. दवाखान्यातल्या फाइलवर तर कन्येचं नावही माझ्याच नावानं लावलं होतं, 'बेबी ऑफ' अमुक. म्हणजे नाव माझं, पण माणूस दुसरंच. इथे मात्र नावही माझं आणि उत्तरही माझं.

अकराव्या मिनिटाला कोठीच्या दाराखालून ओव्याचा धूर आत आला. खोटं चित्र म्हणजे संगणकानं ओळखलेली आपली आकृती. धुरात त्याला ती ओळखता येईना. आधी माझा कान गेला. मग डावा खांदा पुस्तकांत विरघळला. मग कपाटात मधोमध आंब्याच्या लोणच्याची बरणी प्रकटली. एक जण अत्यंत सभ्यपणे म्हणाला, "मॅम, तुमच्याकडे काही पेटलंय का?"

"नाही, माझं बाळ झालंय," मी म्हणाले. प्रश्नाला हे उत्तर होत नाही हे मला बोलल्यावर कळलं.

सांगायचं की नाही, यावर मी चार रात्री घालवल्या होत्या. कायदा सांगायला लावत नाही. मैत्रिणींचं मत होतं, नोकरीचं पत्र हातात येईपर्यंत अवाक्षर काढू नकोस. आणि मी ते असं, धुरातून सांगितलं. दोघे क्षणभर गप्प झाले. मग एक जण "अभिनंदन" म्हणाला, पण दहाव्याला भेटायला आलेल्या पाहुण्याच्या आवाजात. दुसऱ्यानं पुढचा प्रश्न विचारला, "घरी बाळाकडे बघायला कुणी आहे ना?"

त्याच उन्हाळ्यात माझ्या नवऱ्यानंही नोकरी बदलली. त्यालाही तीच मुलगी झाली होती. त्याला मुलाखतीत एवढंच विचारलं की नोटीस नव्वद दिवसांची आहे की साठ. बाळाचं कळलं तेव्हा ते लोक खूश झाले, म्हणाले, आता तुम्ही स्थिर झालात. एकाच पाळण्यामुळे तो स्थिर झाला आणि मी डळमळीत.

तरी त्या दोघांचा मला फार राग आला नाही, आणि याला माझा चांगुलपणा कारण नाही. रजेचा सगळा पगार कंपनीच्याच खिशातून जातो, हे त्या मावसबहिणीनं मला सांगितलं होतं. म्हणजे बाई घ्यावी की न घ्यावी असा हिशेब कुणीतरी कुठेतरी मांडत असणारच. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कारखान्यातल्या बायकांच्या प्रसूतिरजेची बाजू मांडली, तेव्हाच ते म्हणाले होते की बाईला त्या काळात विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, आणि म्हणून खर्चाचा मोठा वाटा सरकारनं उचलायला हवा. दुसऱ्या वर्षी मुंबई प्रांतात कायदा झाला, पण खर्च मालकाच्याच गळ्यात राहिला. खर्च मालकाच्या गळ्यात, संशय बाईच्या गळ्यात, आणि त्या दिवशी कोठीत, माझ्या गळ्यात तर ओव्याचा धूर.

त्या कंपनीचं पुढे उत्तरच आलं नाही. 'कळवतो' म्हणून न कळवणाऱ्यांना आपल्याकडे काही कमी नाही. मुली बघायला येऊन पोहे खाऊन गेलेल्यांपासून ही परंपरा आहे. मी आणखी चार अर्ज केले, सगळे अंगठ्यानं, सगळे रात्रीचे. एकात तर 'कौशल्ये' या रकान्यात झोपेच्या भरात 'बाळंतशेपा' असं गेलं. बाजारातून आणायच्या सामानाची यादी मी बाबांना फोनवर पाठवत होते, ती आणि हा रकाना एकमेकांत मिसळले. बाबांच्या फोनवर काय गेलं असेल त्याची मला कल्पना आहे, कारण संध्याकाळी त्यांनी विचारलं, "हे रिग्रेशन टेस्टिंग कुठल्या दुकानात मिळतं?" विचारलं तसे हळूच हसलेही. बाबांच्या बाजूनं तो तह होता.

बाळंतशेपावाल्या कंपनीनंच मुलाखतीला बोलावलं. या वेळी मी सुरुवातीलाच सांगून टाकलं की मी रजेवर आहे, ऑगस्टपर्यंत कामाला लागू शकत नाही, आणि मला हलकं काम नकोय. समोर एक बाई होत्या. त्या म्हणाल्या, "हलकं आमच्याकडे नाहीच आहे." एवढं सुंदर वाक्य मला त्या वर्षात कुणी बोललं नव्हतं. बाळंतशेपाचं मी स्पष्टीकरण द्यायला गेले तर त्या म्हणाल्या, "माझी आई जेवण झालं की चिमूटभर द्यायची."

जुन्या साहेबाला फोन केला तेव्हा माझा आवाज बाबांसारखा झाला होता. 'बरं दिसत नाही' हे कुठेतरी घशात अडकलं होतंच, ते आजही पूर्ण गेलेलं नाही. तो जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "अगं, पण मी तुझ्यासाठी खरंच हलकं काम बघून ठेवलं होतं."

जुलैच्या शेवटी नव्या कंपनीच्या एचआरमधल्या मुलीचा फोन आला. मी कन्येला मांडीवर घेऊन बसले होते, हात तेलाचे, म्हणून फोन स्पीकरवर टाकला. आज्जी शेजारी सहाणेवर काहीतरी उगाळत होती. डॉक्टरांना सांगायचं नाही, अशा गोष्टींपैकी ते एक होतं. मुलगी नियम वाचून दाखवत होती. ऑफिसात पाळणाघर आहे, दुसऱ्या मजल्यावर. दिवसातून चार वेळा बाळाला भेटायला जाता येईल. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी वेगळी दोनदा सुट्टी. वाचून झाल्यावर तिनं विचारलं, "मॅम, एनी क्वेश्चन्स?"

मी काही बोलायच्या आत आज्जी फोनकडे वाकली. "बाळे, त्या पाळणाघरात धुरी देत्यात का?"

पलीकडे शांतता. कागद चाळल्याचा आवाज. मग ती मुलगी एकदम मराठीत, अगदी आमच्याकडच्या हेलात म्हणाली, "आज्जी, हितं छताला स्प्रिंकलर हाईत. जाळ झाला की पाऊस पडतोय."

आज्जीनं सहाण खाली ठेवली, थोडा विचार केला आणि म्हणाली, "मग अंघोळीचं त्यांच्याकडंच बघ म्हणावं."